खोटं रचणारा आणि चुकीचं आठवणारा: परग्रहवासीयांच्या भेटीची आत्मकथनं छापणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी प्रकाशक, दिवाळी अंकांचे संपादक, अनुवादक आणि ग्रंथपाल यांस

सप्रेम नमस्कार.

परग्रहवासी भेटल्याचं सांगणारं आत्मकथन हाती आलं की त्याची वाट बहुतेक ठरलेली असते. कुणी मुखपृष्ठावर 'थरारक सत्यानुभव' असं टाकून ते जसंच्या तसं छापतं, कुणी पहिली दहा पानं चाळून 'काहीतरीच' म्हणत परत करतं. दोन्ही ठिकाणी संपादन झालेलंच नसतं. सांगणाऱ्याने डोळ्यांनी काय पाहिलं, त्याचा काय अर्थ लावला आणि पुढे त्यात काय मिसळत गेलं, हे वेगळं काढायचं राहून जातं. आकाशनिरीक्षण, छायाचित्रण आणि अनुवाद ही कामं करणारे आम्ही काही जण त्यासाठीच हे पत्र लिहीत आहोत.

आमचं गाऱ्हाणं असं, की ज्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही अशा सगळ्या लेखकांना आपण एकाच गोणीत भरतो. खोटं रचणारा आणि मनापासून चुकीचं आठवणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. त्यांना लावायच्या कसोट्या वेगळ्या, त्यांच्याशी वागायची रीतही वेगळी. अमेरिकेतली दोन गाजलेली प्रकरणं शेजारी ठेवली की हे नीट दिसतं. एक जॉर्ज ॲडम्स्की यांचं, दुसरं बेटी आणि बार्नी हिल या दांपत्याचं.

ॲडम्स्की यांचं 'फ्लाइंग सॉसर्स हॅव लँडेड' हे डेस्मंड लेस्ली यांच्यासोबतचं पुस्तक १९५३ साली आलं. दावा असा: २० नोव्हेंबर १९५२ रोजी कॅलिफोर्नियातल्या डेझर्ट सेंटर गावाजवळच्या वाळवंटात त्यांना शुक्रावरून आलेला माणूस भेटला, खुणांनी आणि मनोमन बोलणं झालं, त्याच्या पावलांचे ठसे प्लास्टरमध्ये घेतले गेले. सोबत आलेले सहा जण लांबून पाहत होते आणि त्यांनी प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या. १३ डिसेंबरला ॲडम्स्की यांनी सहा इंची दुर्बिणीतून यानाचे फोटोही काढले.

सहा प्रतिज्ञापत्रं म्हटल्यावर संपादक दबतो. दबू नये. प्रतिज्ञापत्र हातात घ्यावं, पेन्सिल घ्यावी आणि प्रत्येक वाक्यापुढे लिहावं: स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं, की दुसऱ्याने सांगितलं. इथे सह्या करणाऱ्यांनी आपण हा वृत्तान्त वाचला आहे आणि घटनेचे साक्षीदार आहोत असं म्हटलं होतं. म्हणजे मजकूर आधी तयार, सह्या नंतर. लांबून त्यांना दिसलं असेल ते एवढंच, की ॲडम्स्की कुणाशी तरी उभे राहून बोलत आहेत. तो 'कुणी' शुक्रावरचा होता ही माहिती एकाच तोंडून आलेली आहे. साक्षीदार सहा असले तरी त्या मुद्द्याला साक्ष एकच. साक्षीदारांना वेगवेगळं बसवून, लेखकाचं हस्तलिखित न दाखवता, अंतर, दिशा, उजेड आणि क्रम एवढंच विचारलं असतं तर त्या कागदांना वजन आलं असतं. वाळवंटात जाताना सोबत ठसे घेण्याचं प्लास्टर होतं, हेही संपादकीय टीपेत यायला हवं.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. फोटोत वस्तूचा आकार मोजता येत नाही, तिने व्यापलेला कोन तेवढा मोजता येतो. १० मीटर व्यासाचं यान १ किलोमीटरवर असो किंवा १० सेंटिमीटरचं झाकण १० मीटरवर असो, फिल्मवर दोघांचा डाग सारखाच. त्यामुळे 'हे यान पस्तीस फुटी होतं' असं लेखक म्हणतो तेव्हा तो खरं तर अंतर सांगत असतो, आणि अंतर कसं कळलं हे विचारायलाच हवं.

दुर्बिणीतून फोटो घेतला असेल तर आणखी एक कसोटी मिळते. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण चंद्रावर नीट जुळवलेली असेल, तर १ किलोमीटरवरच्या वस्तूसाठी कॅमेरा सुमारे दीड मिलिमीटर मागे न्यावा लागतो. हीच वस्तू ३० मीटरवर असेल तर सुमारे ५ सेंटिमीटर. दीड मिलिमीटरची चूक घाईत खपते, पाच सेंटिमीटरची खपत नाही, चित्र पार पुसट होतं. तेव्हा फोकस कशावर होता आणि शेवटी तो किती फिरवला, हे लेखकाला आधीच विचारावं.

तिसरी कसोटी धूसरपणाची. दूरची डोंगररांग निळसर-राखाडी का दिसते, तर मधल्या हवेचा विखुरलेला उजेड तिच्या सावल्यांत मिसळतो म्हणून. खरोखर दूर असलेल्या वस्तूची काळी बाजूही त्यामुळे थोडी उजळते. पण इथे एक खड्डा आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या मॅकमिनव्हिल इथल्या, उडत्या तबकडीचे म्हणून गाजलेल्या ११ मे १९५० च्या फोटोंवर विल्यम हार्टमन यांनी कॉन्डन समितीसाठी (अशा दाव्यांची चौकशी करणारी अमेरिकेतली समिती) ही मोजणी केली आणि वस्तू दूरची असावी असा कौल निघाला. पुढे आक्षेप आला की लेन्सवर धूळ किंवा बोटांचं तेल असेल तरी आजूबाजूचा उजेड पसरतो आणि जवळची काळी वस्तूही तशीच उजळते. म्हणून ही मोजणी करताना त्याच फिल्मवरच्या, अंतर माहीत असलेल्या दुसऱ्या काळ्या वस्तूशी तुलना हवी, आणि ती शक्यतो चौकटीच्या त्याच भागातली हवी.

हे सगळं मूळ निगेटिव्हवर किंवा तिच्यावरून थेट काढलेल्या प्रतीवर करायचं. आजच्या लेखकाकडून फोटो मागवताना तो व्हॉट्सॲपवर साधा पाठवायला सांगू नका. तसं केलं की फोटो दाबला जातो आणि त्यातली वेळ, लेन्स, शटर उघडं राहिल्याचा काळ ही माहिती गळून पडते. 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ईमेलने मूळ फाइल मागवा. आणि फक्त यानाचाच नको, त्याच्या आधीचे आणि नंतरचे पाच-पाच फोटोही घ्या.

ॲडम्स्की यांच्याबाबत आमचं मत स्पष्ट आहे: ही रचलेली गोष्ट आहे. त्याचं सगळ्यात भक्कम कारण त्यांच्याच कपाटात सापडतं. १९४९ साली त्यांच्या नावावर चंद्र, मंगळ आणि शुक्राच्या सफरीची एक कादंबरी निघाली होती, आणि १९५५ च्या त्यांच्या दुसऱ्या 'अनुभवकथना'त त्या कादंबरीतले प्रसंग यानात बसून पाहिल्यासारखे पुन्हा आले. म्हणून पहिलं काम हेच, लेखकाचं आधीचं सगळं छापील लेखन काढून पाहणं. कथा, एकांकिका, जुन्या अंकातलं पत्रसुद्धा.

मग विज्ञानाशी पडताळा. १९५५ च्या पुस्तकात चंद्राच्या पलीकडच्या बाजूला झाडी आणि पळणारा प्राणी आहे. ऑक्टोबर १९५९ मध्ये लूना ३ या सोव्हिएत यानाने त्या बाजूचे पहिले फोटो पाठवले. शुक्राच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस आणि हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपट आहे. १४ डिसेंबर १९६२ ला मरिनर २ हे अमेरिकन यान शुक्राजवळून गेल्यावर तिथल्या उष्णतेबद्दल फारशी शंका उरली नाही. समर्थक मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतात. ॲडम्स्की यांनी अवकाशात काजव्यांसारखे असंख्य ठिपके लुकलुकताना पाहिल्याचं लिहिलं होतं, आणि २० फेब्रुवारी १९६२ ला अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी कक्षेतून खरोखर 'काजवे' पाहिले! मे महिन्यात दुसरे अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर यांनी यानाच्या भिंतीवर आतून थाप मारली तेव्हा ते ठिपके बाहेर उधळले. ते यानालाच चिकटलेल्या हिमाचे कण होते. एखादा तपशील जुळला की तो कशामुळे जुळला ते पाहावं, आणि त्याच पानावर न जुळलेले किती आहेत तेही मोजावं.

हिल दांपत्याचं प्रकरण याहून फार वेगळं आहे आणि त्याला जास्त काळजीने हात लावायला हवा. १९ सप्टेंबर १९६१ च्या रात्री ते न्यू हॅम्पशरमधल्या ३ क्रमांकाच्या रस्त्याने कॅनडाहून घरी परतत होते. बेटी समाजसेविका, बार्नी टपाल खात्यात. आकाशात एक प्रकाश सोबत येत राहिला, तो जवळ आल्यावर बार्नी यांनी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा खिडक्या आणि आत उभी असलेली माणसं दिसली, आणि ते घाबरून गाडीकडे पळाले. घरी पोचायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. १९६६ साली जॉन फुलर यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, ते मुख्यतः संमोहनातल्या ध्वनिफितींवर आधारलेलं आहे. परग्रहवासीयांनी त्या रात्री दोघांना यानात नेऊन तपासलं, अशी हकिगत त्यात आहे.

या पुस्तकाचा अनुवाद करायचा झाला तर सगळ्यात आधी त्याचे थर पाडावे लागतील. आम्ही तीन रंगांच्या पेन्सिली सुचवतो. पहिला रंग १९६१ च्या शरदात जागेपणी सांगितलेल्या गोष्टींना: २१ सप्टेंबरला पीझ हवाईतळाला कळवलेलं आणि २१ ऑक्टोबरला बोस्टनच्या तारांगणातले वॉल्टर वेब यांच्यासमोर सांगितलेलं. दुसरा रंग बेटी यांच्या स्वप्नांना. घटनेनंतर सुमारे दहा दिवसांनी ती लागोपाठ पडली आणि त्यांनी ती लिहून ठेवली. मधल्या दिवसांत त्यांनी वाचनालयातून उडत्या तबकड्यांवरचं पुस्तक आणून वाचलं होतं. तिसरा रंग १९६४ च्या संमोहनाला. जानेवारी ते जून या काळात बोस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ बेंजामिन सायमन यांनी दोघांना वेगवेगळं बसवून ही सत्रं घेतली.

रंग भरून झाले की यानाच्या आतला सगळा भाग, म्हणजे तपासणी, टेबल, सुई, नकाशा, दुसऱ्या-तिसऱ्या रंगातच सापडतो. पहिल्या रंगात तो अजिबात नाही. सायमन यांचंही मत असंच पडलं की अपहरणाचा भाग बेटी यांच्या स्वप्नांतून आला आणि तो ऐकून ऐकून बार्नी यांच्या आठवणीत उतरला. ज्यांनी संमोहन केलं त्यांचाच निष्कर्ष हा, आणि पुस्तकाच्या जाहिरातीत नेमका तोच मागे पडतो. संमोहनाने आठवण अचूक होत नाही, सांगणाऱ्याची खात्री वाढते. 'मग पुढे काय झालं?' या प्रश्नाला संमोहित माणूस काहीतरी पुढचं देतोच.

चित्रवाणीचाही एक धागा आहे. बार्नी यांनी कपाळाच्या कडेपर्यंत ओढलेल्या डोळ्यांचं वर्णन २२ फेब्रुवारी १९६४ च्या सत्रात केलं. तसेच डोळे असलेला परग्रहवासी एका अमेरिकन मालिकेच्या १० फेब्रुवारीच्या भागात दिसला होता. बेटी यांनी ती मालिका माहीत नसल्याचं सांगितलं. टीपेत दोन्ही द्यावं.

नकाशाची गोष्ट तर संपादनाच्या वर्गात शिकवावी अशी आहे. यानात पाहिल्याचं सांगितलेला ताऱ्यांचा नकाशा बेटी यांनी आठवून काढला, त्यातल्या ठिपके आणि रेषांवरून ओहायोतल्या एका शिक्षिकेने दोऱ्यांना मणी टांगून जवळच्या ताऱ्यांची त्रिमितीय प्रतिकृती उभारली, हव्या त्या बाजूने पाहत पाहत जुळणी शोधली आणि झीटा रेटिक्युली या सुमारे ३९ प्रकाशवर्षांवरच्या जोडताऱ्यावर बोट ठेवलं. कष्ट खरे होते, मेहनतीबद्दल आम्हाला आदर आहे. पण कुठले तारे घ्यायचे, कुठून पाहायचं आणि कुठली रेषा महत्त्वाची मानायची, हे तिन्ही मोकळं सोडलं की पंधरा-वीस ठिपक्यांना कुठलीतरी जागा मिळतेच. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी हाच आक्षेप घेतला होता. पुढे हिपार्कस उपग्रहाने मोजलेली ताऱ्यांची अंतरं १९९७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या जुळणीतले काही तारे आपल्या जागेवरून हलले आणि ती विस्कटली. अंतरं जुन्या यादीतली असतील तर ती कुठल्या वर्षाची, हे छापलंच पाहिजे.

आता आकाश तपासणं. कुठल्याही तारखेचं आकाश दाखवणारी स्टेलेरियमसारखी मोफत संगणक प्रणाली आहे, कुणालाही जमेल. ठिकाण टाका, तारीख टाका, पण वेळेवर अडखळू नका. हिल यांच्या प्रवासाच्या रात्री न्यू हॅम्पशरमध्ये उन्हाळी वेळ होती, म्हणजे जागतिक वेळेच्या चार तास मागे. रात्रीचे दहा म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशीची सकाळ, साडेसात. चारऐवजी पाच तास धरले की आकाश १५ अंशांनी सरकतं आणि निष्कर्ष चुकतो. घड्याळ नीट लावलं की दहा दिवसांचा चंद्र आणि त्याच्या जवळ गुरू आणि शनी दिसतात. बेटी यांनी चंद्राजवळ एक तारा आणि मग त्याहून तेजस्वी दुसरा तारा सांगितला होता. दूरचा दिवा चालत्या गाडीसोबत येतो हे आपल्याला चांदोबापासून माहीत आहे. झाडांआड लपतो, वळणावर बाजू बदलतो, थांबलं की थांबतो. पण यातून फक्त प्रवासाचा पहिला भाग उलगडतो. दुर्बिणीतून दिसलेल्या खिडक्या गुरूवर ढकलून मोकळं होणं हाही आळसच. ते विधान पहिल्या रंगातलं आहे आणि टीपेत ते तसंच, त्याच्या तारखेसह राहायला हवं.

झोपेत, अंथरुणावर घडलेले प्रसंग वेगळे. स्वप्नावस्थेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागून जागे होतात. त्या काही क्षणांत हलता येत नाही, छातीवर ओझं बसतं, खोलीत कुणीतरी आहे असं ठाम वाटतं. आपल्या गावांत याला भुताची नावं आहेत, तिकडे परग्रहवासीयांची. लेखकाला विचारा: उताणे झोपला होता का, झोप अपुरी होती का, पापणी हलत होती का. उत्तर 'हो' आलं म्हणून तो खोटारडा ठरत नाही. हार्वर्डच्या रिचर्ड मॅकनली आणि सहकाऱ्यांनी २००४ साली अपहरणाच्या आठवणी असलेल्या दहा जणांना त्यांच्याच कहाण्या ऐकवल्या, तेव्हा हृदयाचे ठोके आणि त्वचेचा घाम खऱ्या आघातातून गेलेल्यांसारखा वाढला. भीती खरी असते. 'लेखक सांगताना रडला' हे घटनेचा पुरावा म्हणून छापू नये, आणि त्या रडण्याला हसूही नये.

खोटं पकडण्याच्या यंत्राचा निकाल कुणी पुढे केला तर आधी विचारलेल्या प्रश्नांची यादी मागा. १९७५ साली ॲरिझोनाच्या जंगलात काम करणाऱ्या टोळीतला एक जण पाच दिवस बेपत्ता झाला आणि त्याला यानाने नेल्याचं सांगितलं गेलं, तेव्हा त्याच्या सहा साथीदारांची अशी चाचणी झाली. बहुतेक प्रश्न 'तुम्ही त्याला इजा केली का' या आशयाचे होते. त्यात पाच जण उत्तीर्ण झाले यातून खून झाला नाही एवढंच कळतं. परतलेल्या माणसाची पहिली चाचणी प्रतिकूल गेली होती आणि ती काही महिने जाहीरच झाली नाही. किती चाचण्या झाल्या, हा दुसरा प्रश्न म्हणून विचारा.

अनुवादकांसाठी भाषेबद्दल. २४ जून १९४७ ला वैमानिक केनेथ आरनॉल्ड यांनी माउंट रेनियरजवळ नऊ वस्तू पाहिल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे खात जाते तशी त्यांची चाल होती, असं ते म्हणाले. वर्तमानपत्रांनी चालीची बशी आकाराला चिकटवली आणि त्यानंतर लोकांना बशीच्या आकाराची यानं दिसू लागली. मराठीत आपण त्याची 'तबकडी' केली. मूळ वाक्यात 'प्रकाश' असेल तर तिथे 'प्रकाश'च लिहा, 'तबकडी' नको, 'यान' तर नकोच. 'जणू', 'वाटलं', 'म्हणे' हे छोटे शब्द वाक्य घट्ट करण्याच्या नादात पहिले उडतात, आणि पुरावा नेमका त्यांच्यात असतो. 'मला आठवलं' आणि 'संमोहनात मी म्हणाले' यांतला फरक कुठल्याही परिस्थितीत पुसू नका.

वस्तू सापडल्याचा दावा असेल तर तुलनेला आपल्याकडचंच उदाहरण आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रावरून जळती रेघ गेली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचं होतं. कुठे पडलं, कुणी पाहिलं, कुणाच्या ताब्यात गेलं, हे सगळं त्याच रात्रीपासून नोंदलेलं आहे. वाळवंटातल्या प्लास्टरच्या ठशाला अशी साखळी नाही. लेखकाकडे धातूचा तुकडा असेल तर तो कुठल्या दिवशी कुणाच्या हातात होता याची यादी आधी, प्रयोगशाळा नंतर.

ग्रंथपालांना एकच विनंती. ड्यूईच्या वर्गीकरणात या विषयाला ००१.९४२ हा क्रमांक आहे. ही पुस्तकं ५२० च्या खगोलशास्त्रात मिसळू नका आणि कथा-कादंबऱ्यांतही ढकलू नका.

प्रकाशकांनी मलपृष्ठावर 'सत्य घटना' असं न छापता कुणाचं, कधीचं आणि कसं नोंदलेलं कथन ते छापावं. हिल प्रकरणापुरतं असं: '१९६१ च्या प्रवासाबद्दल एका दांपत्याने त्या वर्षी आणि १९६४ साली संमोहनाखाली सांगितलेली हकिगत.' लेखक हयात आणि मराठी असेल तर मुलाखतीआधी त्याला या विषयावरचं काही वाचायला देऊ नका. त्याच्याकडून तारीख घालून हस्तलिखित वृत्तान्त आणि रेखाटन घ्या. 'आणखी आठवेल' म्हणून त्याला संमोहनाला मुळीच पाठवू नका. करारातच लिहा की पुस्तकात संपादकीय टीपा येतील. त्या टीपा छपाईआधी लेखकाला वाचायला द्या, आणि त्याला उत्तर द्यायचं असेल तर ते त्याच पानाखाली, टीपेच्याच टंकात छापा.

आपले,
आकाशनिरीक्षण, छायाचित्रण आणि अनुवाद करणारे काही वाचक